सस्कॅचेवानातलं साठ वस्तीचं गाव, घर २६ हजार डॉलरला : घ्यावं का?

मानेवाडा_रिंगरोड (प्रश्न)

भाच्याला कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात शेती-यंत्रांच्या डीलरकडे मेकॅनिकची नोकरी लागली आहे. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, हातात आहे. डीलर ज्या गावात आहे तिथे भाड्याची घरं फार थोडी, म्हणून तो ३८ किलोमीटरवरच्या एका खेड्यात घर पाहून आला. वस्ती साठ-बासष्ट. १९५६ चं लाकडी घर, ८४० चौरस फूट, खाली तेवढंच तळघर, बाजूला गॅरेज, मागे मोकळी जागा. मागणी २६,००० कॅनेडियन डॉलर. म्हणजे सोळा-सतरा लाख. एवढ्यात नागपुरात बेसा रोडला धड वनबीएचके दाखवा!

विचारायचं ते असं: भाव एवढा कमी काहून? घरात नेमकं काय तपासायचं? आणि गाव अजून वीस वर्षं राहील का? जाणकारांनीच सांगा, "सर्व काही छान होईल" नको.

इतवारी_धान्यगंज

भावाचं उत्तर घरात सापडणार नाही, ते गावाच्या कुंडलीत आहे.

तिथली जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आखलेली आहे. ६ मैल बाय ६ मैलांची एक टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचं. १८७२ च्या कायद्याने १० डॉलर फी भरली की पाव सेक्शन, म्हणजे १६० एकर, कसायला मिळायचे. घोडागाडीत गहू भरून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी परतला पाहिजे, या हिशोबाने रेल्वेने दर सात ते दहा मैलांवर एक स्टेशन आणि धान्याचं एक उंच लाकडी कोठार उभं केलं. त्याला तिकडे एलिव्हेटर म्हणतात. गावं वसली ती या कोठाराभोवती. ग्रँड ट्रंक पॅसिफिक या रेल्वे कंपनीने तर नावंही इंग्रजी मुळाक्षरांच्या ओळीने ठेवली: फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटूना, जॅस्मिन, केलिहर. एफ, जी, एच, आय, जे, के. गाव वाढेल का, तिथे पाणी कसं आहे, याचा विचार नंतर.

आता घोडा गेला. १९३६ मध्ये सस्कॅचेवानात १,४२,३९१ शेतं होती, २०२१ च्या गणनेत ३४,१२८. सरासरी शेत १,७०० एकरांच्या वर. जमीन तेवढीच आणि घरं चौथाई. पूर्ण प्रेअरीत, म्हणजे कॅनडाच्या सपाट गवताळ पट्ट्यात, १९३३ साली ५,७५८ एलिव्हेटर होते. पुढे धान्याच्या रेल्वेभाड्याला १८९७ पासून असलेलं संरक्षण १ ऑगस्ट १९९५ ला संपलं. पूर्ण भाडं शेतकऱ्यावर आलं, कंपन्यांनी शंभर-शंभर वॅगन एका दमात भरणारी मोठी काँक्रीट कोठारं बांधली आणि छोट्या फाट्यांवरच्या लाइनी उखडल्या. आपली नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ ला बंद झाली ती ब्रॉडगेज टाकण्यासाठी. तिकडे रूळ गेले ते परत आले नाहीत.

मग बाकीच्या सोयी एकेक करून सुटल्या. १९९३ मध्ये प्रांताने एका फटक्यात ५२ ग्रामीण हॉस्पिटलं बंद केली किंवा त्यांचं साध्या आरोग्य केंद्रात रूपांतर केलं. सरकारी बस कंपनी एसटीसी ३१ मे २०१७ ला थांबली, ग्रेहाउंडच्या बसगाड्या ऑक्टोबर २०१८ च्या शेवटी.

शेती बुडाली म्हणून गाव ओस पडलं असं मात्र समजू नका. शेती जोरात आहे. सस्कॅटूनच्या विद्यापीठाने १९७८ मध्ये 'लेयर्ड' ही मसुरीची जात दिली, तेव्हापासून हा प्रांत मसुरीचा मोठा निर्यातदार झाला. नागपूरच्या इतवारी बाजारात 'कॅनडा मसूर' म्हणून कट्टे उतरतात ते बहुतेक तिथलेच. फक्त साठ फुटी पेरणीयंत्र, कापणी-मळणीची दोन कम्बाइन यंत्रं आणि चार माणसं एवढ्यात पाच हजार एकर निघतात. गावाला गिऱ्हाईक उरलं नाही ते त्यामुळे.

वीस वर्षांचं कोणी सांगणार नाही, पण लक्षणं मोजता येतात. भाच्याला म्हणावं, या गोष्टी बघून ये: पोस्ट उघडं आहे का? ग्रामकार्यालय आठवड्यातून किती दिवस चालतं? शाळेची बस गावात शिरते की हायवेवरूनच जाते? रिंक, म्हणजे बर्फावर खेळायचा हॉल, गेल्या हिवाळ्यात चालू होता का? आणि फेब्रुवारीत रात्री आठला किती घरांत दिवा दिसतो? वस्तीचा आकडा कागदावर साठ असतो, हिवाळ्यात प्रत्यक्ष राहणारे त्याहून कमी असू शकतात.

खस_बदला_मोहीम

घराचं मी लिहितो. लांब होईल, पण यातला एकही मुद्दा सोडू नका. २६ हजारांच्या घराला वीस हजारांची दुरुस्ती सहज निघते.

तळघर आधी. पांढरा रंग नुकताच दिला असेल तर संशय घ्या. त्या भागात बऱ्याच ठिकाणी चिकणमाती आहे, आपल्या काळ्या कापूस-जमिनीसारखी ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. फुगलेली माती भिंतीला आत ढकलते. खूण अशी: भिंतीच्या साधारण मध्यावर आडवी भेग आणि त्या उंचीवर भिंतीला पोट. उभी बारीक भेग बहुधा काँक्रीट आकसल्याची असते, ती भरता येते. आडवी दिसली आणि पोट सुटलेलं असलं तर सौदा तिथेच थांबवायचा. भिंतीला ओळंबा लावून बघा, नजरेवर जाऊ नका. मधल्या तुळईखाली लोखंडी स्क्रूचे खांब असतात, जमीन हलली की ते फिरवून तुळई समतल करतात. स्क्रू पूर्ण वर काढून संपलेला दिसला तर फरशी किती खचली ते त्यावरूनच कळतं.

मोरीच्या मुख्य पाइपवर परतीचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह आहे का विचारा. बर्फ वितळायच्या दिवसांत गावाची सांडपाण्याची लाइन तुंबली की ते पाणी तळघरातल्या मोरीतून वर येतं. सम्प पंप, म्हणजे तळघरातल्या खड्ड्यात साचलेलं पाणी उपसणारा पंप, असेल तर खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो चालू होतो का आणि बाहेर कुठे फेकतो ते पाहा. भिंतीला लागूनच फेकत असेल तर तेच पाणी फिरून आत येतं.

रेडॉन. जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, वास नाही, रंग नाही. प्रेअरीत हा प्रश्न खरा आहे. कॅनडाची मर्यादा हवेच्या घनमीटरमागे २०० बेकरेल. चाचणीचं छोटं किट हिवाळ्यात खिडक्या बंद असताना किमान तीन महिने तळघरात ठेवायचं असतं. विकत घेण्याआधी तेवढा वेळ मिळणार नाही, म्हणून राहायला गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात करा. जास्त निघालं तर फरशीला भोक पाडून पाइप आणि पंखा लावून वायू बाहेर काढतात. उपाय आहे, घाबरायचं कारण नाही.

फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी. आपल्याकडे कूलर बंद पडला तर रात्र घामात जाते. तिकडे उणे ३५ ला फर्नेस बंद पडली तर घरातले पाइप काही तासांत फुटायला लागतात. घराला नैसर्गिक वायूची लाइन आहे का हे पहिलं विचारा. नसेल तर प्रोपेनची टाकी किंवा वीज, दोन्ही महाग. गेल्या १२ महिन्यांची गॅस आणि विजेची बिलं मागा. विकणारा देत नसेल तर समजून जा.

नव्या जास्त कार्यक्षम फर्नेसला प्लास्टिकचे दोन पाइप भिंतीतून बाहेर निघतात, एक हवा घेतो आणि एक धूर सोडतो. धुरात वाफ असते, ती गोठून पाइपच्या तोंडाशी बर्फाची दाढी तयार होते. तोंड अरुंद झालं की दाबाचा स्विच फर्नेस बंद करतो. बिघाड नसतोच, पण रात्री दोनला मेकॅनिकला कोण सांगणार? कडाक्याच्या दिवसांत झोपायच्या आधी बाहेर जाऊन टॉर्चने ती तोंडं बघायची आणि हाताने बर्फ झटकायचा, एवढंच काम. छतावरच्या मोरीच्या वायुपाइपचंही तेच होतं. तो गोठला की सिंक गुडगुड करतं आणि घरात घाण वास येतो. फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदला. खसच्या जाळ्या बदलायला आपण मे महिना उजाडेपर्यंत थांबतो, तो आळस तिथे परवडत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ हवाच.

वीज आणि माळा. मीटरजवळची पेटी ६० अँपिअरची आणि फ्यूजवाली असेल तर विमा मिळायला अडचण येते. १०० अँपिअरची ब्रेकरवाली हवी. माळ्यावर डोकावून पाहा. सोनेरी-करड्या खड्यांसारखं भरण दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं आणि त्यात ॲस्बेस्टॉस असायची शक्यता असते. हात लावू नका, झाडू नका, नमुना तपासून घ्या. पाण्याचे पाइप करडे, लवचीक प्लास्टिकचे असतील तर ते १९७८ ते १९९५ च्या काळातले पॉली-बी आहेत. सांध्यात गळतात आणि विमावाले नाक मुरडतात.

मानेवाडा_रिंगरोड

खस_बदला भाऊ, एवढं इथे कोणी लिहून देईल असं वाटलं नव्हतं. दोन शंका. पाणी कुठून येतं ते घरमालक नीट सांगत नाही, "टाकी आहे" एवढंच म्हणतो. आणि जावई, म्हणजे भाच्याचे वडील, म्हणतात की घर नागपुरातून त्यांच्या नावावर घेऊ, पोराच्या डोक्यावर नको. शेजारची शेतजमीनही स्वस्तात मिळाली तर बघायची आहे.

खस_बदला_मोहीम

"टाकी आहे" म्हणजे तळघरात किंवा अंगणात जमिनीखाली सिस्टर्न आहे आणि पाणी टँकरने येतं. हिशोब करून घ्या. दीड हजार गॅलनची टाकी म्हणजे तिथल्या मापाने सुमारे ६,८०० लिटर. दोघं माणशी १५० लिटर वापरत असतील तर २२ दिवसांत रिकामी. टँकरवाला किती घेतो आणि वादळात तीन दिवस रस्ता बंद असला तर काय, हे विचारायचं. टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असेल तर आत उंदीर पडतात, हे पण झाकण उघडून बघा.

विहीर असेल तर पाण्याची तपासणी प्रयोगशाळेकडून करून घ्या: जिवाणू, नायट्रेट, आर्सेनिक, लोह, मँगनीज आणि सल्फेट. सल्फेट जास्त असलं तर नव्या माणसाचं पोट बिघडतं, आणि उकळून ते जात नाही. गावाचा नळ असेल तर सध्या 'उकळून प्या'ची नोटीस लागू आहे का ते ग्रामकार्यालयात विचारा. काही छोट्या गावांत ती वर्षानुवर्षं हटत नाही, कारण शुद्धीकरणाचा खर्च साठ माणसांत वाटावा लागतो.

नळाची लाइन आठ-नऊ फूट खोल असते, कारण जमीन तेवढी गोठते. रिकाम्या घरात पाणी वाहत नाही आणि लाइन अडकते. म्हणून घर मध्ये किती हिवाळे रिकामं होतं हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. दोनहून जास्त म्हणाले तर प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक पाइपचा सांधा हाताने चाचपून बघा.

सातबारा_फेरफार

कागदाचं माझ्याकडे.

नावाचं आधी. परदेशी माणसाला घर विकत घ्यायची बंदी कॅनडात १ जानेवारी २०२३ पासून आहे आणि ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली आहे. ती शहरांच्या आणि त्यांच्या आसपासच्या पट्ट्याला लागू होते, असल्या एकाकी खेड्याला नाही. म्हणजे जावयांना घेता येईल. पण घेऊ नये. अनिवासी मालकाने घर विकलं की कर खात्याचा दाखला मिळेपर्यंत खरेदीदार किमतीचा मोठा भाग अडकवून ठेवतो. भाचा पीआर आहे, त्याच्याच नावावर घ्या. पैसे इकडून पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या योजनेत, माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरची मुभा आहे. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर जी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो रिटर्नमध्ये वळता होतो. आई आणि वडील दोघांनी आपापल्या खात्यातून वेगवेगळे पाठवले तर कापणीच लागू नये, पण सीएला विचारून करा.

शेतजमिनीचा विचार जावयांनी सोडून द्यावा. सस्कॅचेवानच्या कायद्याने कॅनडाचा नागरिक किंवा पीआर नसलेल्याला एकूण १० एकरांवर शेतजमीन ठेवता येत नाही. भाच्याला ठेवता येते.

आता कर. स्वस्त घर बघून लोक इथेच फसतात. तिथल्या ग्रामपालिकेला मूल्यावरच्या कराशिवाय प्रत्येक मालमत्तेवर एक ठरावीक किमान रक्कम लावता येते. घराचं मूल्य कमी म्हणून कर कमी, असं होत नाही. शेजारचा रिकामा प्लॉट "फुकटात देतो" म्हणाले तरी त्याचा वेगळा किमान कर सुरू होतो. ग्रामकार्यालयातून कराचा दाखला काढा, थकबाकी, पाणीपट्टी आणि कचऱ्याचा आकार यांसकट. टायटलचा उतारा आयएससी या संस्थेकडून ऑनलाइन मिळतो, त्यावर बोजा आहे का बघा. त्यांची पद्धत टोरेन्सची आहे, उताऱ्यावर आहे तेच खरं. आपल्यासारखं तलाठ्याकडे फेरफार काढून तीस वर्षांचा शोध घ्यायची गरज पडत नाही.

गाव बरखास्त होणं म्हणजे घर जाणं नव्हे. सरपंच आणि सदस्य व्हायला कोणी उभं राहिलं नाही, किंवा कर्मचारी परवडेना, की गाव आजूबाजूच्या रूरल म्युनिसिपालिटीत विलीन होतं. आपल्याकडच्या गट ग्रामपंचायतीसारखं समजा, फक्त क्षेत्र शेकडो चौरस किलोमीटर. रस्त्याचा बर्फ काढायला त्यांचंच यंत्र येतं. पण विलीन होताना पाणी किंवा सांडपाण्याच्या योजनेचं कर्ज शिल्लक असेल तर ते त्या जुन्या गावातल्या घरांकडूनच वसूल होऊ शकतं. म्हणून गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब आणि सभेची इतिवृत्तं मागा. देतात, लपवत नाहीत.

विमा सौद्याआधी. आग विझवण्याचं केंद्र साधारण ८ किलोमीटरच्या आत आहे का, यावर हप्ता ठरतो. राहणारा घर सोडून गेला आणि ते ३० दिवसांहून जास्त ओस राहिलं तर बहुतेक पॉलिसींत संरक्षण तुटतं. भाचा दिवाळीत नागपूरला पाच आठवडे आला, मागे घराकडे कोणी पाहिलं नाही, पाणीही बंद केलेलं नव्हतं आणि गोठून पाइप फुटला तर हातात काही येईलच असं नाही. लाकडाची शेगडी असेल तर तिचा वेगळा तपासणी अहवाल मागतात. आणि कर्ज: एवढ्या छोट्या रकमेवर, एवढ्या छोट्या गावात मोठ्या बँका फारसं बघत नाहीत. स्थानिक क्रेडिट युनियनकडे, म्हणजे सहकारी पतसंस्थेकडे, जा.

बर्डी_बसस्टॉप

सगळ्यांचं वाचलं. माझं उलट मत आहे: घेऊ नका.

३८ किलोमीटर जाऊन-येऊन, महिन्याला २२ दिवस, म्हणजे १,६७२ किलोमीटर. शंभर किलोमीटरला ९ लिटर धरा, दीडशे लिटर पेट्रोल. हिवाळ्यात ११ ने धरा, १८४ लिटर. बस नाही, दुसरा मार्ग नाही. हे वर्षाला जोडलं की डीलरच्याच गावात महाग खोली घेतली तरी बरोबरी होते. दुसरं, हे घर घेताना २६ हजार, विकताना गिऱ्हाईकच नाही. त्याला गुंतवणूक म्हणू नका, ते आगाऊ भरलेलं भाडं आहे. पाच वर्षं राहिला तर महिन्याला ४३३ डॉलर पडलं, असा हिशोब करा आणि मग ठरवा.

घेणारच असाल तर गाडीचं ऐका. इंजिन गरम करणारा विजेचा ब्लॉक हीटर लावलेला हवा. उणे १५ च्या खाली गेलं की निघायच्या तीन-चार तास आधी प्लग लावायचा, टायमर वापरा, रात्रभर नको. बॅटरी थंडीत अर्धी ताकद गमावते, चार वर्षांची झाली की बदला. खरे हिवाळी टायर चारही चाकांना. डिकीत फावडं, दोन रजया, मेणबत्ती आणि रिकामा डबा, वाळू, ओढायचा दोर. गाडी अडकली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. तिथले कच्चे रस्ते उत्तर-दक्षिण दर मैलाला आणि पूर्व-पश्चिम दर दोन मैलांना आहेत, नकाशावर सरळ दिसतात, पण सगळ्यांवरचा बर्फ काढत नाहीत. डांबरी रस्ता लांब पडला तरी त्यानेच जायचं. टाकी अर्धीच्या खाली जाऊ द्यायची नाही.

इतवारी_धान्यगंज

बर्डी भाऊंचा भाड्याचा हिशोब बरोबर आहे, पण "खोली मिळतच नाही" हा मूळ मुद्दा राहतोच. मधला रस्ता: मालकाला एक हिवाळा भाड्याने मागा. ज्या घराला गिऱ्हाईक नाही तो मालक बहुधा तयार होतो, कारण रिकामं ठेवलं तर त्याचाच विमा तुटतो. नोव्हेंबर ते एप्रिल, घेतल्यास भाडं किमतीतून वळतं, असं लिहून घ्या.

आणखी एक, जे कागदावर येत नाही. साठ माणसांच्या गावात रिंकचा बर्फ, अग्निशमनाचा पंप, हॉलची चावी, शरद ऋतूतलं गावजेवण, सगळं तीच आठ-दहा माणसं बघतात. मेकॅनिक आला म्हटल्यावर पहिल्या आठवड्यात कोणी तरी दार वाजवून पंप बघायला बोलावणारच. जावं. पैसे घेऊ नयेत. वादळात रस्ता मोकळा करायला ट्रॅक्टर घेऊन येणारी तीच माणसं असतात.

मानेवाडा_रिंगरोड

भाच्याशी बोललो. भाड्याचं विचारतो म्हणाला. शनिवारी परत जातोय, ओळंबा आणि टॉर्च घेऊन. टाकीचं झाकणही उघडणार आहे.

खस_बदला_मोहीम

रस्त्याकडेला नळाच्या मुख्य लाइनचा जमिनीखालचा बंद करायचा व्हॉल्व्ह असतो का तेही विचारा. लांब दांड्याची चावी ग्रामकार्यालयात असते. समोर बंद-चालू करून दाखवायला सांगा. गंजून बसलेला असेल तर घरात पाइप फुटल्यावर पाणी थांबवायला काहीच उरत नाही, आणि तो दुरुस्त करायला आठ फूट गोठलेली जमीन खणावी लागते.